लांजेवारकाकांच्या दाढेचा निकाल

गाल टम्म सुजलेला, डोळ्यांत पाणी, आणि तरी खुर्चीत बसून दातांच्या डॉक्टरशीच भांडणारा माणूस मी एकच पाहिला. स्मृती नगरातले आमचे शेजारी, लांजेवारकाका. डॉक्टर म्हणे, आधी एक्स-रे काढू. काका म्हणाले, "एक्स-रे नाई. माहा हिसाब बिघडन."

हिसाब किरणांचा. काका पोलादाच्या प्लांटमध्ये रेडिओग्राफीत होते, वेल्डिंगच्या जोडांचे गॅमा किरणांनी फोटो काढायचे. तरुणपणी एकदा किरणांचा स्रोत त्याच्या शिशाच्या पेटीबाहेरच अडकला. काकांनी जवळ जाऊन तो आत ढकलला. किती किरणं लागली ते सांगणारा बॅज नेमका घरी खुंटीला. पुढे त्यांनी कुठंतरी वाचलं, की दाताचं कवच किरणांची खूण जन्मभर जपतं आणि काढलेला दात तपासला की मागचं सगळं कळतं. झालं. काका दात किडायची वाट बघू लागले.

माझ्या नातीचा दुधाचा दात रिवाजाप्रमाणे उंदराच्या बिळात टाकायला निघालो, तर हे आडवे. "उंदराले काय कराचा हाये? मले द्या, तुलनेले लागन."

काकू कपाळावर हात मारत. "लोक सोनं जमवते, आमचा माणूस दात जमवून राहिला."

शेवटी दाढ एक्स-रेशिवाय निघाली, ओळखीनं एका प्रयोगशाळेत गेली आणि निकाल आला. काळजीचं काहीच नाही. मी पेढे घेऊन धावलो, तर काका अंगणात तोंड पाडून बसलेले.

"मले वाटलं, लय निघन," ते म्हणाले. "लेकरू झालं नाई तं आमच्या घरच्यायनं सारी उमर हिलेच बोल लावला. मले दाखवाचं होतं का त्या किरणांपायी दोष माहा हाये."

काकांनी थोडा वेळ चपलेनं माती उकरली, मग फोन उचलून भंडाऱ्याच्या मोठ्या बहिणीला लावला.

"अक्का, दाढेचा रिपोर्ट आला. दोष माहाच होता. हिचा कायीच नोयता. समद्यायले सांग."

काकू चहा घेऊन दारात उभ्या होत्या. रिपोर्ट त्यांनी सकाळीच वाचला होता. त्यांनी कप खाली ठेवला, माझ्या हातातला पुडा घेतला आणि पहिला पेढा काकांना भरवला, दाढ शाबूत होती त्या बाजूनं.