सार्वजनिक मालकीचं सफरचंद

फ्रान्समधल्या सां-मोरिल गावच्या नगर संग्रहालयात गुरुवारी संध्याकाळी सहा वाजता 'सेझानचा आधुनिक कलेवरील प्रभाव' या विषयावर व्याख्यान होतं. ते पावणेसातला वेळेवर सुरू झालं. दालनाची राखणदार ओदिल कोपऱ्यात खुर्चीवर बसली होती. महिनाअखेरीस ती निवृत्त होणार होती आणि तूलाँला बहिणीच्या घरी समुद्राकडची खोली तिच्यासाठी रंगवून तयार होती. अठ्ठावीस वर्षं 'हात लावू नका' सांगून बिचारीचा जीव विटला होता.

चित्रकार सेझानने जन्मभर सफरचंदं रंगवली, म्हणून वक्ते डॉक्टर फाब्रेग यांनी प्रात्यक्षिकासाठी सात सफरचंदं मागवली होती. संग्रहालयात आलेल्या वस्तूची नोंद करायचीच, हा नोंदप्रमुख पेलिस्ये यांचा धर्म. त्यांनी सकाळीच वहीत सात क्रमांक घालून ठेवले. टोपलीत निघाली सहा. आता वहीत खाडाखोड कशी करणार? त्यांनी ओदिलच्या डब्यातलं सफरचंद उचललं.

"अहो मस्यू, ते माझं आहे!"

"तासाभराचा तर प्रश्न आहे, मादाम. जीव का खाताय?"

डॉक्टर दीड तास बोलले. "सेझाननंतर सफरचंद हे फळ राहिलंच नाही!" असं ते गरजले तेव्हा पुढच्या रांगेतल्या बाईंनी डोळे टिपले. मग शेजारच्या दालनात वाइन आणि ऑलिव्ह मांडल्याचं कळलं आणि सगळे आधुनिक कलेला तिथेच सोडून धावले. ओदिलच्या पोटात कावळे ओरडत होते. तिने आपलं सफरचंद बाहीला पुसलं आणि खाल्लं.

शुक्रवारी नोटीस आली. सार्वजनिक संग्रहात नोंदलेली वस्तू विकता येत नाही, कुणाला देता येत नाही, फेकता येत नाही. खाण्याबद्दल कायद्यात काही नव्हतं, कारण कायदा करणारे सभ्य लोक होते.

सोमवारी चौकशी समिती बसली.

"क्रमांक सात सध्या कुठे आहे?" अध्यक्षांनी विचारलं.

"आज सोमवार आहे, साहेब," ओदिल संकोचून म्हणाली. "आता कुठलं असणार?"

"वस्तू बाहेर गेल्याची पावती?" अध्यक्ष पेलिस्येंकडे वळले.

"नाही, साहेब."

"म्हणजे वस्तू आतच आहे."

तज्ज्ञ म्हणून डॉक्टर फाब्रेग यांना बोलावलं होतं. "आकार बदलला म्हणून कलाकृती संपत नाही," ते म्हणाले. "सेझानचा प्रभाव माणसाच्या इतका आत पोचल्याचं हे पहिलंच उदाहरण."

"कसला प्रभाव, डॉक्टर! भूक लागली होती मला!"

"वा! किती थेट विधान!" म्हणत डॉक्टरांनी ते टिपून घेतलं.

समितीने ओदिलला निर्दोष ठरवलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तूलाँची गाडी तिला दिसू लागली. मग अध्यक्षांनी पुढचा परिच्छेद वाचला. क्रमांक सात आता मादाम ओदिल यांच्यापासून वेगळा करता येत नसल्यामुळे उभयतांची एकत्र नोंद करण्यात येत आहे, आणि नोंदलेली वस्तू संग्रहालय सोडून जाऊ शकत नसल्यामुळे निवृत्तीचा अर्ज फेटाळण्यात येत आहे.

तेव्हापासून ओदिल दालनाच्या मधोमध बसते. भोवती दोरी आहे. संध्याकाळी तिला तिच्याच स्वयंपाकघराला तात्पुरत्या उसनवारीवर देतात, सकाळी परत घेताना ओरखडे तपासतात. नवा राखणदार लोकांना हात लावू देत नाही.

बहीण मिरेय गप्प बसणाऱ्यांतली नव्हती. सगळे नियम पालथे घालून तिने एक फट शोधलीच: 'यात मला कला दिसली नाही' असा एका जरी प्रेक्षकाचा सहीनिशी अभिप्राय आला, तर नोंद रद्द होते. एकच अभिप्राय! पाच महिन्यांत नऊ हजार माणसं येऊन गेली. "अहो, लिहा ना कुणीतरी, हात जोडते," ओदिल प्रत्येकाला म्हणते. लोक मान तिरकी करतात, एक पाऊल मागे सरतात आणि वहीत लिहितात, 'अंतर्मुख करणारा अनुभव.'

तुम्ही गेलात तर वही दाराशीच आहे, पेनही दोरीने बांधलेलं आहे. फक्त तुमच्या मागे रांग असेल, आणि तुम्ही काय लिहिताय ते रांगेतली माणसं तुमच्या खांद्यावरून वाचत असतील.