आत्याबाईंची बोट

"पुरावा? तो दातवाला माझ्याकडे पुरावा मागतो?" आत्याबाईंनी पर्स टेबलावर आपटली. "मी इथं जन्मले तेव्हा या इमारतीच्या जागी चिखल होता, चिखल!"

आत्याबाई इमारतीच्या कमिटीच्या अध्यक्ष. वीस वर्षं त्या खुर्चीला चिकटून होत्या. त्यांच्या मते खुर्चीच त्यांना सोडत नव्हती. अलीकडेच परदेशातून आलेल्या दातांच्या डॉक्टरने दुसऱ्या मजल्यावर बिऱ्हाड थाटलं आणि चक्क अध्यक्षपदासाठी नाव दिलं. आत्याबाईंनी लगोलग ठराव मांडला, की कमिटीवर फक्त इथे जन्मलेल्यांनीच बसावं. डॉक्टर शांतपणे म्हणाला, "चालेल. सगळेच पुरावे आणू या."

"मग तो फोटो दाखव ना," भाचा म्हणाला. त्याचं कोपऱ्यावर चष्म्यांचं दुकान होतं, आणि आत्याबाई भडकल्या की त्याला ते बंद करून यावं लागे. "तुझा जन्म इथला, असं आजोबांनी मागे लिहिलंय म्हणतेस."

"तो फोटो भिंतीवरून निघणार नाही."

निघणार कसा? स्क्रू पिळून बसवला होता. मागे जन्मस्थळाशेजारी जन्मसालही होतं, आणि त्या हिशेबाने आत्याबाई पुढच्या महिन्यात ऐंशीच्या होत होत्या. ऐंशी भरली की खुर्ची सोडायची, हा कमिटीचा जुना नियम. म्हणून आत्याबाई कित्येक वर्षं पंचाहत्तरीतच मुक्काम ठोकून होत्या.

"तू बंदरावरच्या कचेरीत जा," त्या म्हणाल्या. "आईवडील बोटीतून उतरले तेव्हा दोघंच होते, एवढा दाखला आण. म्हणजे मी इथलीच. वयाचा प्रश्नच येत नाही."

संध्याकाळी भाचा परत आला तो पडलेल्या चेहऱ्यानं.

"आजी-आजोबा सापडले. पण तू म्हणतेस त्या सालात नाही, बऱ्याच नंतरच्या बोटीत. आणि दोघं नाहीत. तिघं आहेत."

"तिसरं कोण?"

"मुलगी. वय दोन."

"दुसऱ्या कुणाची तरी असेल! ही सरकारी माणसं डोळे मिटून लिहितात."

"पुढे शेरा आहे." भाच्याने कागद नाकाजवळ नेला. "'मुलीने अधिकाऱ्याच्या खुर्चीवरून उठण्यास नकार दिला.'"

आत्याबाईंनी त्याच्या हातातून कागद हिसकावून घेतला.

"तिथल्या बाई म्हणाल्या, तीन वर्षांखालच्यांना तिकीट नसायचं," भाच्याने भीत भीत भर घातली. "म्हणून त्या बोटीत सगळ्याच पोरांचं वय दोन."

"म्हणजे माझा बाप फुकट्या? आणि मी काय ट्रंक होते, आणली आणि उतरवली?" आत्याबाई कडाडल्या. त्या वडिलांवर चिडल्या, बोटीवर चिडल्या, आणि दोघंही हाताशी नसल्यामुळे भाच्यावर चिडल्या.

"फोटो खरा धरला तर तू इथली, पण ऐंशीची. जुन्या नियमानं खुर्ची गेली. यादी खरी धरली तर सत्त्याहत्तर, पण बाहेरची. तुझ्याच ठरावानं खुर्ची गेली."

"इकडे आड, तिकडे विहीर."

"आणि यादीत वय चोरलेलं असलं, तर दोन्ही..."

"तू दुकान उघड जा!"

तो गेल्यावर आत्याबाई फोटोसमोर उभ्या राहिल्या. इतकी वर्षं ज्या गल्लीत मालकिणीसारख्या वावरल्या, तिथं आपणही पाहुण्याच, हे घरच्यांनी कधी सांगितलं नाही याचं त्यांना फार वाईट वाटलं. मग त्यांनी डोळे पुसले आणि मीटिंगची साडी काढली.

मीटिंगला डॉक्टर पासपोर्ट घेऊन आला होता. आत्याबाई पोचायच्या आधीच कुणीतरी त्याला आग्रहाने पुढच्या खुर्चीत बसवलं होतं. आत्याबाई दारातूनच गरजल्या.

"हा ठराव मांडणाऱ्याला लाज वाटायला पाहिजे!"

"आत्याबाई, तुम्हीच मांडलाय," खजिनदार म्हणाले.

"मग मीच मागे घेते! बोटीतून आलेल्यांनी चिखल तुडवून ही वस्ती उभी केली, आणि त्यांनाच हाकलता? मीसुद्धा बोटीनंच आले. जेमतेम दोन वर्षांची होते, पण सगळं आठवतंय!" त्यांनी प्रवाशांची यादी फडकावली. "वयही लिहिलंय. करा हिशेब!"

टाळ्या पडल्या. डॉक्टरचे डोळे पाणावले. "आत्याबाई, म्हणजे तुम्हीही आमच्यातल्याच!"

"तुमच्यातली?" आत्याबाईंनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "आम्ही बोटीनं आलो, सगळा समुद्रभर ओकत. तुम्ही आलात विमानानं. विमानानं काय, कुणीही येतं! आणि आधी माझ्या खुर्चीवरून उठा."