नागनाथाचा अंगठा

आमच्या गल्लीतला नागनाथ दुपारचं जेवला, की हात धुवायच्या आधी वांग्याचं चित्र पुण्याला पाठवतो. वांगं खाल्लेलं असो नसो. ताटात नुसती कडक भाकरी आणि शेंगाचटणी असली, तरी पुण्याला वांगंच जातं. वांगं म्हणजे 'जेवलो'.

पुण्याला त्याची बायको आहे, मंगल. लेकीच्या, म्हणजे सुजाताच्या बाळंतपणाला म्हणून गेली, ती बाळ रांगायला लागलं तरी तिकडंच. मंगलला अक्षर लागत नाही. म्हणून नागनाथानं फोनमधल्या त्या बारक्या चित्रांची एक भाषाच बसवली. सकाळी गुलाब, म्हणजे उठलो. कुलूप म्हणजे बाहेर चाललो. बादली म्हणजे नळाला पाणी आलं. उंट म्हणजे ऊन लई आहे. उंटच कशाला म्हणून मी विचारलं, तर म्हणाला, "मामा, सोलापूरचं ऊन दावायला दुसरं जनावर हाय का?"

आणि अंगठा. अंगठा म्हणजे 'तुझा निरोप मिळाला'. मंगलला लिहिता येत नाही, तेव्हा ती तिकडून फोनमध्ये बोलून निरोप पाठवायची. निरोप आला की नागनाथ फोन कानाला लावायचा, डोळे मिटायचा, देवळात आरती ऐकावी तशी मान हलवायचा आणि निरोप संपला की लगेच अंगठा पाठवायचा. "मिळालं की मिळालं म्हणावं मामा. मानसाला ताटकळत ठिवू न्हाय." हे त्याचं ठरलेलं वाक्य. पाव्हण्यानं चहाचा कप हातात दिला तरी तो आधी हेच म्हणतो, मग पितो.

मी शिकलेला माणूस नाही. चौथीपर्यंत गेलो, पुढं मंद्रूपला मेंढरं राखली आणि मग शहरात येऊन हमाली केली. माझ्याकडं बटणाचा फोन आहे, तो वाजला तर उचलतो, नाही तर नाही. पण माणूस ओळखायला मला फोन लागत नाही, असा माझा आजवर समज होता. नागनाथाच्या बाबतीत तो पार खोटा ठरला, म्हणून हे लिहितो.

नागनाथ मूळचा वैरागकडचा. पोरवयात सोलापूरला आला आणि मागाच्या कारखान्यात लागला. टॉवेल विणण्यात निम्मं आयुष्य गेलं. मंगल त्याच कारखान्यात कांड्या भरायला होती, म्हणजे मागाला लागणारं सूत गुंडाळून द्यायला. दोघं सकाळी बरोबर जायची, संध्याकाळी बरोबर यायची. मग कारखाना बंद पडला, माग भंगारात गेले आणि नागनाथ पन्नाशी ओलांडून घरी बसला. लेकीनं जुना फोन दिला. तेव्हापासून हा असा.

त्याला हळू बोलताच येत नाही. "मामा, कुणाला सांगू नका," असं त्यानं म्हटलं, की चार घरं सोडून असलेली पिठाच्या गिरणीतली बाई गिरणी थांबवून ऐकते. फोनवर तर दुसऱ्याला बोलूच देत नाही. "हां! बरं हाय! तुमीबी बरं ऱ्हावा! ठिवतो!" एवढं ओरडलं की झालं बोलणं. एकदा वैरागहून चुलतभावाचा फोन आला, चुलती वारल्याचा. नागनाथ म्हणाला, "लई चांगलं झालं! समद्यांना नमस्कार सांगा! ठिवतो!" ती माणसं आजतागायत त्याच्याशी बोलत नाहीत. आम्ही गल्लीत म्हणायचो, गुर्मी आहे. मीच सगळ्यांत मोठ्यानं म्हणायचो.

यंदाच्या उन्हाळ्यातली दुपार. मी कडुनिंबाखाली कट्ट्यावर बसलो होतो. नागनाथ जेवून आला, शेजारी टेकला. वांगं गेलेलं होतं. तेवढ्यात फोन हातात थरथरला.

"मंगल!" तो आनंदानं ओरडला आणि त्यानं फोन कानाला लावला. पण त्या दिवशी त्याचं बोट भलतीकडं लागलं असणार, कारण सगळा आवाज बाहेर आला. चांगला खणखणीत. मला शब्द न् शब्द ऐकू आला.

मंगल म्हणत होती, "सुजीचे अप्पा, आता एकदाच इचारते. मी कायमची हितंच ऱ्हावं, असं तुमच्या मनात हाय का? असंल तर तसं सांगा. मी परत इचारणार न्हाय."

नागनाथानं डोळे मिटून मान हलवली. गालात हसला. "बरी हाय म्हणती. बाळाला दात आला म्हणती." आणि बोट फोनवर ठेवलं.

"थांब!" म्हणून मी त्याचं मनगट धरलं. पण अंगठा गेला होता.

माझं टाळकं फिरलं. मी त्याला आईबापावरनं शिव्या घातल्या. त्याचं लक्ष फोनमध्ये. शिव्या खाऊन इतका शांत बसणारा माणूस मी पाहिला नव्हता. मग मला शंका आली. मी उठून त्याच्या पाठीमागं गेलो.

"नागू, तुझ्या घराला आग लागली."

नागनाथ उंट शोधत होता.

"नागू, तुझा बाप मेला."

त्याचा बाप मरून जमाना झाला. पण असं कुणी म्हटलं तर माणूस वळून तरी बघतो की. हा वळला नाही. मग मी समोर आलो आणि आवाज न काढता नुसते ओठ हलवले, 'आग लागली.'

नागनाथ ताडकन उठला. "कुटं?"

मी त्याला हात धरून परत कट्ट्यावर बसवलं. त्याच्या कारखान्यात मी एकदा पोती टाकायला गेलो होतो, ते तेव्हा आठवलं. तिथं कानठळ्या बसायच्या. शेजारच्या माणसाचं ऐकू यायचं नाही. सगळी एकमेकांच्या तोंडाकडं बघून बोलायची, ओठांवरनं ओळखायची. नागनाथाचे कान त्या खडखडाटात कधी गेले, ते त्याचं त्यालाही कळलं नसावं. घरी मंगल होती. कुणी काही विचारलं की ती कारखान्यातल्या सवयीनं पुढं येऊन, त्याच्या तोंडासमोर उभी राहून परत सांगायची. आम्ही हसायचो. बायकोच्या तोंडाकडं बघितल्याशिवाय याला उत्तर सुचत नाही, बाईलवेडा आहे, म्हणायचो. आता ते तोंड पुण्याला गेलं आणि नुसता आवाज इकडं यायला लागला.

मी त्याच्यासमोर उकिडवा बसलो आणि सावकाश म्हणालो, "नागू, तुला ऐकू येत न्हाय."

"मी बहिरा?" गल्लीतली कुत्री उठली. "मामा, मला रातकिडा ऐकू येतो, रातकिडा!"

"कंचा रातकिडा? ह्या भर दुपारी?"

"कानात वाजतोय की! चोवीस तास!"

मी म्हणालो, "मंगल आत्ता काय म्हणली ते तुला ठावं हाय का?" आणि सांगितलं. त्यानं माझ्या तोंडाकडं बारीक डोळे करून बघितलं.

"मामा, तुमच्या मिशीत निम्मं अडकतंय."

माझी मिशी ओठावर आलेली असते. बापाचीही तशीच होती. लग्नाच्या मांडवात, मयताच्या गर्दीत, कुठंही त्या मिशीला कात्री लागलेली नाही. नागनाथ आत गेला, कात्री घेऊन आला आणि हात जोडून उभा राहिला. मी नाही म्हणालो. तो तसाच उभा. "जुने निरोपबी फोनात हाईत मामा. समदे. ती काय काय म्हणली?"

मी म्हणालो, "काप."

मिशी कापून झाल्यावर आम्ही त्याच्या घरात गेलो आणि दार ओढून घेतलं. तो एकेक निरोप लावायचा. मी ऐकायचो आणि मग माझ्या या बोळक्या तोंडानं मंगलचं बोलणं त्याला सांगायचो. सत्तरी उलटलेला मी बाप्या, समोर बसून म्हणतोय, "सुजीचे अप्पा, चा करून झाल्यावर गॅस बंद करत जावा." कुणी बघितलं असतं तर आम्हाला दोघांनाही दवाखान्यात नेलं असतं. नागनाथ पहिल्यांदा हसलासुद्धा. त्या निरोपाखाली त्याचा अंगठा होता.

पुढचा निरोप. "सुजी आन जावई कामाला जात्यात. दिसभर मी आन बाळ. बोलाय मानूस न्हाय हितं. तुमी दोन शब्द बोला की. नुसतं वांगं काय धाडायलाय?"

खाली अंगठा.

"माझं मन लागंना. मी येऊ का? व्हय म्हणा, पिशवी भरते."

अंगठा.

"भरली पिशवी. उद्या न्यायला येताय न्हवं?"

अंगठा.

त्याच्या पुढचा निरोप मी ऐकला आणि तोंडावर हात ठेवला. नागनाथ माझ्या तोंडाकडं बघत राहिला. "म्हणा की मामा."

"दिस मावळला," मी म्हणालो. "आला न्हाईत तुमी."

अंगठा. आणि त्याच्या खाली, दुसऱ्या दिवशी सकाळी पाठवलेला, टपोरा गुलाब.

"परत म्हणा," नागनाथ म्हणाला.

मी परत म्हणालो. तो म्हणाला, परत. तिसऱ्यांदा मी म्हणालो नाही. मला जमलं नसतं.

तो भिंतीला टेकून बसला. मग एकदम, "फोनच खराब हाय," म्हणाला. मीही म्हणालो, असंल. माणसाला उभं राहायला तेवढी तरी जागा लागते.

मी म्हणालो, "ते तोंड दिसतंय त्यो फोन लाव की तिला." तसला फोन त्यांच्यात होत नव्हता असं नाही, पण दर वेळी मंगल फोन धरायची आणि बाळाला दाखवायची. नागनाथ बाळाला बघून टाळ्या वाजवायचा आणि ठेवून द्यायचा. फोन धरणारीचं तोंड त्यानं इतक्या महिन्यांत बघितलंच नव्हतं.

त्यानं फोन लावला. तिनं उचलला. उचलल्या उचलल्या तो बाळाकडं वळवला.

"बाळ नको!" नागनाथ ओरडला. "तू ये फुडं!"

मंगलचा आवाज आला. मला आला, त्याला नाही. "आता कशाला? धाडलाय न्हवं आत्ताच अंगठा? कळलं मला." आणि फोन उताणा कुठंतरी टाकला असावा, कारण पडद्यावर छताचा पंखा दिसायला लागला. गरगर फिरणारा पुण्याचा पंखा.

नागनाथ त्या पंख्याकडं बघत होता. पंख्याला ओठ नसतात. माझ्याकडं वळून त्यानं विचारलं, "काय म्हणली?" मी सांगितलं. मग त्यानं फोन दोन्ही हातांत धरला आणि जन्मात जेवढ्या मोठ्यानं ओरडला नसेल तेवढ्या मोठ्यानं ओरडला.

"मंगल! मला ऐकू येत न्हाय! तुझा एकबी निरोप मला ऐकू आल्याला न्हाय! बहिरा झालोय मी!"

दार लावलेलं असून काही उपयोग नव्हता. गिरणी थांबली. बायका दारात आल्या. ज्यानं समोरासमोर माझं कबूल केलं नाही, त्यानं अख्ख्या पेठेला ओरडून सांगितलं.

पंखा फिरत राहिला. मला वाटलं, ती उठून गेली. नागनाथ हलला नाही. मग पडदा काळा झाला, हलला आणि मंगल दिसली. सगळी नाही. फोन इतका जवळ धरलेला, की डोळे नाहीत, कपाळ नाही, नुसतं तोंड आणि हनुवटी. आणि ते तोंड बोलायला लागलं.

मला काहीच ऐकू येईना. मी वाकून कान लावला. आवाज बंद झाला की काय? पण मागं बाळ किरकिरत होतं, ते ऐकू येत होतं. मंगल आवाज न काढता बोलत होती, सावकाश, नुसत्या ओठांनी. नागनाथ तिच्याकडं डोळे लावून बसला. मग त्याचेही ओठ हलायला लागले आणि त्याच्याही तोंडातून आवाज नाही. इतक्या वर्षांत त्या माणसाला बिनआवाजाचं बोलताना मी पहिल्यांदा बघितलं. तिनं खालचा ओठ दातात धरला. यानं मान खाली घातली, पण लगेच वर केली. खाली बघून चालत नव्हतं.

मी उठून दारात जाऊन बसलो. आतलं मला काही कळणार नव्हतं.

बऱ्याच वेळानं तो बाहेर आला. मी विचारलं, "येती का?"

"न्हाय म्हणली."

"का रे बाबा? कळलं की आता तिला समदं."

"कळलं म्हणली." तो माझ्या तोंडाकडं बघत, शक्य तितक्या हळू आवाजात बोलला. तरी पलीकडच्या घरात गेलाच असेल. "पर मनातनं उतरलाय म्हणली. कळल्यानं मानूस लगीच परत मनात बसतंय व्हय, म्हणली."

"मग रं?"

"उद्या फोन लावा म्हणली. पर बोलू नका. नुसतं फुडं बसा म्हणली."

मंगल अजून आलेली नाही. येईल की नाही, मला सांगता येत नाही. सुजाता कानाचं यंत्र घ्या म्हणते, नागनाथ बघू म्हणतो. दुपारी जेवण झालं की तो उंबऱ्यावर बसतो आणि फोन समोर तांब्याला टेकवून ठेवतो. पलीकडं मंगल कधी भाजी निवडत असते, कधी बाळाला मांडीवर घेऊन थोपटत असते. मधेच कधीतरी मान वर करून दोन शब्द म्हणते, कधी तेवढंही म्हणत नाही. तो तिच्याकडं बघत बसतो.

त्या वेळेला गल्लीतली माणसं त्याच्या दारावरनं जाताना बोलणं थांबवतात. भाजीवालीसुद्धा ओरडत नाही. बहिऱ्यापुढं गप्प राहायची काय गरज, पण राहतात. मीही चपला हातात घेतो आणि पलीकडच्या कडेनं जातो.