वाढत्या अंगाची खुर्ची

जळकोटला बालवाडी निघायची ठरली आणि ग्रामसेविका शारदाबाईंनी विष्णुपंतांना स्पष्टच सांगितलं, "मास्तर, पोरं तीस आणि मी एकटी. चारूनं शी-शू वेळेवर सांगितली आणि आपली आपण बसली-उठली, तर पहिलं नाव तिचं. नाहीतर पुढच्या वर्षी बघू."

चारू विष्णुपंतांची नात, चार वर्षांची. दीड वर्षाची असताना ताप आला आणि डावा पाय लुळा करून गेला. बाकीच्या पोरांसारखं उकिडवं बसायला गेली की ती मागं कलंडायची. मग रडणं, मग धुणं. तिची आई वनमाला अगदी थकून गेली होती.

विष्णुपंतांनी छत्तीस वर्षं पोरांना अक्षरं गिरवायला शिकवली होती. हेही शिकवण्यासारखंच आहे, असं म्हणून ते गुरुसिद्धप्पा सुताराकडे गेले. "खुर्ची करायची. मधे भोक ठेवायचं, खाली घमेलं बसलं पाहिजे."

आठ दिवसांनी खुर्ची आली ती पाटलानं बसावं अशी. रुंद हात, उंच पाठ.

"अप्पा, पोरगी केवढी, खुर्ची केवढी!"

"पोरगी वाढणार न्हाय व्हय मास्तर? शिंपी बी झगा वाढत्या अंगाचाच शिवतो की. भोक तेवढं तिच्या मापाचं ठेवलंय. चढायला पायरी बी केलीय."

त्या पायरीवर दीड महिना शाळा भरली. विष्णुपंतांचा नियम एकच होता. चारूला कुणी हात लावायचा नाही. ती खुर्चीचा हात धरायची, उजवा पाय पायरीवर ठेवायची, डावा पाय दोन्ही हातांनी उचलून वर घ्यायची आणि मग वळून बसायची. कधी उशीर व्हायचा, कधी नुसतंच बसून गाणी व्हायची. "लाजायचं नाही, थांबायचं नाही. आलं की सांगायचं, खुर्ची!" एवढा एकच धडा विष्णुपंत रोज घोकून घ्यायचे. सातव्या आठवड्यात एकही धुणं निघालं नाही.

उद्घाटनाच्या दिवशी तुळजापुराहून साहेब येणार होते. साहेब आले की गावातल्या चांगल्या खुर्च्या गोळा करायच्या, हे कोतवाल बलभीमचं काम. विष्णुपंत चारूला घेऊन तोरणं बांधायला गेले होते. बलभीम दारात उभा राहिला.

"वैनी, ही खुर्ची द्या. असली गावात दुसरी न्हाय."

"ती नको हो. ती... चारूची आहे."

"येवढ्याशा पोरीची येवढी खुर्ची? साहेबाला न्हाय म्हणता व्हय?"

परक्या माणसाला पुढचं कसं सांगावं, हे वनमालाला सुचेना. "निदान वर ही गादी तरी घाला," एवढंच ती म्हणाली. घमेलं मागं राहिलं, खुर्ची गेली.

साहेब गादीवर टेकले, पाय पायरीवर ठेवले आणि खूश झाले. "वा! पायांचीसुद्धा सोय! कारागीर कोण?"

मागं उभ्या असलेल्या गुरुसिद्धप्पानं मान खाली घातली. विष्णुपंतांना घाम फुटला. तेवढ्यात मांडीवरची चारू म्हणाली, "आजोबा, खुर्ची."

"घरी जाऊ हं, चल."

"घरी कशाला? खुर्ची इथं हाय की."

विष्णुपंतांनी तिला उचलायला हात पुढं केला. पण शिकवलं ते त्यांनीच होतं. लाजायचं नाही, थांबायचं नाही. त्यांनी हात मागं घेतला. चारू लंगडत, माणसांच्या खांद्यांचा आधार घेत पुढं गेली आणि साहेबांसमोर उभी राहिली.

"उठा. मला बसायचंय."

"शाब्बास!" साहेब हसत उठले. "एवढ्यातच साहेब व्हायचंय का? बस, बस!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. चारूनं गादी ओढून खाली टाकली. भोक दिसलं आणि टाळ्या थांबल्या.

"घमेलं!" विष्णुपंत ओरडले.

साहेबांच्या हस्ते कडुलिंब लावायचा होता, त्यासाठी मातीनं भरलेलं घमेलं शेजारीच ठेवलेलं होतं. बलभीमनं ते खुर्चीखाली सारलं. शारदाबाईंनी 'सुस्वागतम्'चं कापड खांबावरून सोडवलं, एक टोक खुर्चीमागोमाग आलेल्या वनमालाच्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरलं. वनमाला लाजेनं लाल झाली होती, पण कापड तिनं ताठ धरलं. आडोशाआड पायरी वाजली, खुर्ची करकरली.

"हात लावू का गं?" वनमालानं हळूच विचारलं.

"नको. माझं मी."

थोड्या वेळानं चारू बाहेर आली. तिनं गादी उचलून जागेवर ठेवली, दोनदा थापटली आणि साहेबांना म्हणाली, "झालं. आता बसा."

साहेबांनी भाषण उभ्यानंच केलं आणि चार वाक्यांत संपवलं. कडुलिंब त्याच घमेल्यातल्या मातीत लागला. पुढं गावातल्या कुठल्याच झाडानं तशी उंची धरली नाही, असं बलभीम सांगत असे.

शारदाबाईंनी वही उघडून पहिलं नाव लिहिलं. विष्णुपंतांनी चष्मा काढून उपरण्यानं पुसला. तो अजिबात मळलेला नव्हता.

जीपकडे जाताना साहेबांनी गुरुसिद्धप्पाला बाजूला घेतलं. "आमच्या आईचे गुडघे गेलेत हो. खाली बसता येत नाही. अशीच एक कराल का?"

"करतो की. वाढत्या अंगाची?"

"नको. सत्तरीच्या आहेत."

"मग पायरी नको," गुरुसिद्धप्पा म्हणाला.

साहेब जरा घुटमळले. "भोक मात्र..."

"समजलं साहेब. ते वाढत्या अंगाचं."