सवाईने ओलांडलेली बकुळ

सवाई नावाच्या घोड्याने जे जे ओलांडलं, त्याची वाढ तिथल्या तिथे थांबायची. रेसकोर्सवर कुणाला यात वावगं वाटत नव्हतं. अडथळ्यांची शर्यत म्हणजे घोड्यांनी मेंदीच्या उंच कुंपणांवरून उड्या मारत पळायचं. आणि सवाई आल्यापासून त्या कुंपणांना कात्री लावावी लागली नव्हती. माळी त्याच्यावर बेहद्द खूश होते. तो शर्यतीही जिंकतो, हे त्यांना कुणीतरी नंतर सांगितलं.

सवाई कधी हरला म्हणून नाही. सगळ्यांच्या शेवटी सुटायचा, अर्धं मैदान फिरायला निघाल्यासारखा रमतगमत पळायचा आणि शेवटच्या वळणावर एकेकाला मागे टाकायचा. मागे वळणं मात्र त्याच्या रक्तातच नव्हतं. पाऊलभर मागे सरकायचा नाही, म्हणून त्याच्या पागेला पुढे एक आणि मागे एक अशी दोन दारं ठेवली होती. पाठीवर कायम चिंतामण घोलप. चिंतामणचा फोटो मंडईतल्या केशकर्तनालयात लागला होता आणि तिथे त्याला नंबर लावून बसावं लागत नसे. माणसाला आणखी काय हवं असतं?

घोळ झाला तो सरावाच्या एका सकाळी. चिंतामणची बायको वत्सला डबा घेऊन आली होती. त्यांची चार वर्षांची बकुळ तिसऱ्या कुंपणापलीकडच्या गवतात उताणी पडून ढग बघत होती. सवाई आला, कुंपण ओलांडलं, त्याच उडीत बकुळलाही ओलांडलं आणि निघून गेला. पोरीला खरचटलंसुद्धा नाही.

"अहो, त्याला उलटं ओलांडायला सांगा," वत्सला लगेच म्हणाली. आडव्या पडलेल्या पोराला कुणी ओलांडलं तर त्याची उंची खुंटते, आणि ओलांडणाऱ्यानेच उलटं ओलांडलं की फिटंफाट होते, हे घरोघरी सगळ्यांना ठाऊक असतं.

"घोड्याला काय सांगणार?" चिंतामण हसला.

त्यानंतर त्याला फारसं हसू आलं नाही. बकुळ वाढेना. दर वाढदिवसाला वत्सला तिला दाराच्या चौकटीशी उभी करून डोक्याच्या वर पेन्सिलीने रेघ ओढायची, आणि ती रेघ जुन्या रेघेवरच पडायची. रेघ तेवढी जाड होत गेली. बकुळ तिसरीत गेली. पाढे पाठ झाले, भांडण जिंकता येऊ लागलं, पण शाळेच्या फाटकातला शिपाई तिला रोज बालवाडीच्या ओळीत उभं करायचा. "मी तिसरीतली आहे," असं ती रोज ठणकावून सांगायची. रडायची मात्र घरी येऊन. अशा वेळी कुठे बघावं हे चिंतामणला कळायचं नाही, मग तो आपले बूट पुसत बसायचा.

उपाय त्यानेही केले. लगाम ओढून पाहिला, पाठीमागून गूळ दाखवला. सवाई वळायचा नाही. गूळ मागे असला की तो अख्ख्या मैदानाला फेरी मारून, पुन्हा कुंपण ओलांडूनच गुळापाशी यायचा. म्हणजे पुन्हा सुलटंच. दुसऱ्यांदा सुलटं ओलांडलं तर पोरीचं काय होईल हे एकाही जाणत्याला सांगता येईना, म्हणून ते प्रयोग बंद झाले.

शेवटी सरदार चषकाच्या शर्यतीआधी चिंतामण रेसकोर्सच्या समितीपुढे जाऊन उभा राहिला. अध्यक्ष होते निवृत्त मेजर निंबाळकर.

"साहेब, शर्यत चालू असताना माझ्या पोरीला तिसऱ्या कुंपणाशी निजवायची परवानगी हवी. सवाई पुढे गेला की लगेच. म्हणजे मी त्याला वळवीन. सरावात तो मनावर घेत नाही, शर्यतीत घेईल."

"निजवायची म्हणजे अडथळ्यातच भर," मेजर म्हणाले. "अडथळ्याची वाढ चालणार नाही. नियम आहे."

"ती वाढणार नाही, साहेब. तीच तर तक्रार आहे."

सभासदांनी एकमेकांकडे पाहिलं. मुद्दा बिनतोड होता.

"आणि घोडा उलटा फिरला तर चषक गेला, हे समजतंय ना, घोलप?"

"समजतंय," चिंतामण म्हणाला. खरं तर समजत नव्हतं. हरल्यावर माणूस घरी कसा जातो, नेहमीच्याच रस्त्याने जातो का, याचीही त्याला कल्पना नव्हती.

शर्यतीच्या दिवशी सवाई शिरस्त्याप्रमाणे सगळ्यांच्या शेवटी सुटला. पहिलं कुंपण झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. वत्सला कठड्याखालून आत आली आणि तिने बकुळला गवतात आडवं केलं. बकुळने आधी मुंग्या आहेत का ते बघून घेतलं.

चिंतामणने सगळा जोर लावून लगाम ओढला. सवाईने मनावर घेतलं नाही. पुढे बाकीचे घोडे दिसत होते, लोक सवाईच्या नावाने ओरडत होते, आणि चिंतामणच्या टाचा आपोआप घोड्याला दाबू लागल्या. आता वळत नाही तर निदान जिंकू तरी, असं त्याच्या मनात आलं. आलं ते आलंच, आणि त्याला स्वतःची लाज वाटली.

तेवढ्यात मागून वत्सलाचा आवाज आला. चपला घालून कुणी स्वयंपाकघरात शिरलं की लागायचा तो.

"ए सवाई! ओलांडलंस ना? चल, उलटं ओलांड!"

सवाई जागच्या जागी थांबला. इतक्या वर्षांत लोकांनी त्याला ओढलं होतं, चुचकारलं होतं, गूळ दाखवला होता. सांगितलं कुणीच नव्हतं. तो मान खाली घालून वळला. चिंतामणने लगाम सैल सोडला. सवाईने बकुळला ओलांडलं, तिसरं कुंपण ओलांडलं, आणि काय काय ते वत्सलाने नेमकं सांगितलं नसल्यामुळे दुसरं आणि पहिलंही उलटं ओलांडून तो सुटायच्या रेषेवर येऊन उभा राहिला.

समितीची तिथेच बैठक बसली. घोडा हरला म्हणावं, तर उलटं ओलांडलं म्हणजे ओलांडलंच नाही. ओलांडलंच नाही म्हणजे तो सुटलाच नाही. न सुटलेला घोडा हरणार कसा? बऱ्याच वेळाने कर्ण्यावरून जाहीर झालं, "सवाई अद्याप सुटायचा आहे." लोकांनी माना डोलावल्या आणि ते भेळ आणायला गेले. पहिल्या तीन कुंपणांची मेंदी बघता बघता वर चढत होती, आणि माळी सवाईच्या नावाने बोटं मोडत कात्र्या शोधत होते.

"साहेब, आम्ही निघू?" चिंतामणने विचारलं.

"तुम्ही निघा. घोडा राहू दे."

"जाताना त्याला काही सांगू?"

"समितीचं ठरेपर्यंत," मेजर घाईघाईने म्हणाले, "त्याला कुणीही काहीही सांगू नये."

ते नेहमीच्याच रस्त्याने घरी गेले. वाटेत बकुळला चपला लागायला लागल्या, तिने त्या हातात घेतल्या. मग फ्रॉक काखेत काचू लागला. घरात शिरल्या शिरल्या वत्सलाने तिला चौकटीशी उभं केलं आणि पेन्सिल चिंतामणच्या हातात दिली. जाड रेघ बकुळच्या कानापाशी आली होती. चिंतामणला नीट दिसेना. त्याने बाहीने डोळे पुसले आणि पेन्सिल तिच्या डोक्यावर टेकवली.

"थांबा ना, बाबा," बकुळ म्हणाली. "अजून होतंय."

चिंतामण पेन्सिल धरून थांबला.