गोट्याचे स्वच्छ खिसे

साल १९९६. शाळा सुरू होऊन जेमतेम महिना झाला असेल. शिवणकाम करणाऱ्या बाईंनी आपल्या मुलाची, गोट्याची, चड्डी धुवायला घेतली, खिसे उलटे केले आणि त्या मटकन खालीच बसल्या. शेंगांचं एकसुद्धा टरफल पडलं नव्हतं.

गोट्या दाण्यांवरच वाढलेला. कोपऱ्यावरच्या भट्टीवाल्या काकांच्या भाजक्या शेंगा आणि खारे दाणे डब्यात, खिशात आणि गालात कायम.

"बरं वाटत नाही का रे?"

"वाटतंय की."

"मग दाणे का नकोत?"

"नकोत म्हटलं ना!"

त्याच्या चौथीच्या वर्गात तेव्हा एक किडकिडीत मुलगी नव्यानं आली होती. सगळे तिला चिमणी म्हणत. एक दाणा पोटात गेला तरी तिचे ओठ सुजत, श्वास अडके. वर्गबाईंनी मुलांना बजावलं होतं, "ज्याच्याकडे दाणे असतील, त्यानं चिमणीपासून लांब बसायचं." दाणे सगळ्यांकडेच असायचे. मग मधल्या सुट्टीत चिमणी खिडकीजवळ एकटी बसे आणि भिंतीकडे तोंड करून काकडी चावे.

घरोघरच्या आयांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. शिवणबाई धावत शेजारी गेल्या.

"वहिनी, गोट्यानं दाणे सोडले हो!"

"माझ्या कार्टीनंही! डबा हुंगते आणि विचारते, यात दाण्याचं काही नाही ना? सासूबाई म्हणाल्या, बघा, आईवरच संशय घेतेय."

संध्याकाळपर्यंत सात-आठ घरांतून हीच तक्रार आली. डॉक्टरीणबाईंनी गोट्याची जीभ पाहिली, पोट दाबलं.

"दगड पचवेल हा."

"मग दाणे का नाही पचत?"

यावर त्यांच्याकडे औषध नव्हतं. तेव्हा दाण्यांतच काहीतरी खोट असणार, असं ठरलं आणि काकांची भट्टी थंड पडली.

"माझ्या दाण्यांना नावं ठेवता? सगळ्यांसमोर खाऊन दाखवतो!" काकांनी गरम दाण्यांची पिशवी उचलली आणि मधल्या सुट्टीत तरातरा शाळा गाठली. मागून आयांची फौज.

वर्गाच्या दारात गोट्या हात पसरून उभा राहिला.

"काका, आत यायचं नाही!"

"अरे, तू तर माझं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक!"

"रविवारी शाळा नसते, तेव्हा येईन ना. पण पिशवी आत नाही आणायची!"

त्याच्यामागे सगळा वर्ग गोल करून बसला होता. मधोमध चिमणी. तोंडात काकडी, आणि हसून हसून तिला ती गिळता येत नव्हती.

शिक्षकांच्या खोलीतला डबा टाकून वर्गबाई धावत आल्या. "हिच्यापासून लांब बसा म्हटलं होतं ना?"

"दाणेवाल्यांनी लांब बसायचं म्हणालात, बाई," गोट्या म्हणाला. "आम्ही कुठे दाणेवाले? चुळा भरून, साबणानं हात धुऊन बसतो."



"मेल्या, घरी सांगायचं नाहीस?" शिवणबाई म्हणाल्या.

"सांगितलं असतं तर म्हणाली असतीस, तुला काय करायचंय, तू आपला खा."

 अगदी हेच म्हणाल्या असत्या शिवणबाई. त्यांनी पदरानं त्याचं नाक उगाचच पुसलं.

काकांनी पिशवी फाटकाबाहेर ठेवली, नळावर कोपरापर्यंत हात धुतले आणि गोट्यापुढे धरले. गोट्यानं दोन्ही तळवे हुंगले.

"पुन्हा धुवा."

काका पुन्हा नळाकडे गेले. एवढं कडक गिऱ्हाईक त्यांना जन्मात भेटलं नव्हतं.

पुढे काकांनी फुटाण्यांसाठी वेगळी भट्टी मांडली, कढई आणि झाराही वेगळा. काका गेले, पण त्यांचा मुलगा अजून दोन्ही भट्ट्या वेगळ्याच ठेवतो. वर्गबाई निवृत्त झाल्या. कुठलाही नियम सांगताना त्या शब्द दोनदा तोलतात. चिमणी पूल बांधते आणि अजूनही काकडी खाते. गोट्या विमानतळावर लोकांच्या पिशव्या तपासतो. त्याला ते शिकवावं लागलं नाही.

तो सुट्टीला घरी येतो तेव्हा शिवणबाई चष्मा लावून त्याच्या पँटचे खिसे उलटे करतात. मूठभर टरफलं मोरीत पडतात.

"मोरी तुंबवलीस मेल्या!" असं त्या ओरडतात आणि मग निवांत चहा टाकतात.