सर्वांत लांबच्या सासूबाई

सकाळी पावणेआठला भारतीने शांतारामच्या हातात डबा दिला आणि डब्याबरोबर दमही दिला. "आज आईचे डोळे तपासून झाले नाहीत ना, तर संध्याकाळी घरी येऊ नका."

शांतारामने हसून घालवलं असतं, पण लग्नाच्या अठरा वर्षांत भारतीने सकाळी आठच्या आत एकदाही विनोद केलेला नव्हता. शिवाय प्रकरण खरोखरच हाताबाहेर गेलं होतं. मागच्या आठवड्यात सासूबाईंनी कुंपणावर वाळत घातलेल्या उशीला बोका समजून पाव तास हाकललं आणि बोका हलत नाही म्हणून त्याच्यावर बादलीभर पाणी ओतलं. उशी शेजाऱ्यांची होती. त्या दिवसापासून शेजारी आपल्याशी नीट बोलत नाहीत, अशी सासूबाईंचीच तक्रार होती.

कुणी म्हणेल, यात एवढं घाबरायचं काय? शांताराम डहाणूच्या, आरोग्यसेवक घडवणाऱ्या लोकारोग्य शाळेत लिपिक. तीन महिन्यांतून एकदा मुंबईहून डोळ्यांचे डॉक्टर यायचे ते याच शाळेत. नंबर लिहायचं टेबल शांतारामचं. घर शाळेच्या मागच्या भिंतीला लागून, मोजून चाळीस पावलांवर. जावई टेबलावर असताना सासूचा नंबर लागायला अडचण ती कसली?

अडचण होती श्रुतिका मॅडमची. शाळेच्या प्राचार्या श्रुतिका मॅडम पुण्याला 'आरोग्य समता आणि समावेशन' अशी तीन दिवसांची कार्यशाळा करून आल्या होत्या आणि आल्यापासून त्यांना चैन नव्हतं. त्यांनी जुन्या वह्या काढल्या. दर शिबिराच्या चाळीस नंबरांत छत्तीस जण स्टेशनच्या आसपासचे. पाड्यांवरची माणसं दहाच्या एसटीने येणार, तोवर गावातल्यांनी नंबर लावून, सावलीतल्या खुर्च्या पकडून पेपर उघडलेला असायचा. खोटं कशाला बोला, होतं ते असंच होतं. मॅडमनी फाटकावर सूचना लावली: 'जो जितका लांबून येईल, त्याचा नंबर तितका आधी. फक्त चाळीस रुग्ण.'

"पण मॅडम, जवळच्यांचं काय?" शांतारामने विचारून पाहिलं होतं.

"जवळच्यांना आजवर सगळं जवळच मिळालंय, शांताराम."

शांतारामने वही आखायला घेतली होती. 

आज शिबिर. आठ वाजता त्याने वही उघडली. नंबर वरखाली होणार म्हणून मॅडमच्या सांगण्यावरून पेन्सिल आणि खोडरबर घेतलं होतं. ओट्यावर एक म्हातारी आधीपासूनच बसली होती. शेजारी गोणपाटाची घडी, मांडीवर फडक्यात बांधलेली भाकर.

"आजी, नाव?"

"बुधीबाई."

"गाव?"

"डोंगरपाडा. उधव्याच्या म्होरं."

म्हणजे तलासरी तालुक्याचं पार टोक. शांतारामने घड्याळ बघितलं. "पण तिकडची पहिली एसटी तर दहाला येते."

"म्हणून तं कालच आले. तुज्याच ओट्यावर निजले. मच्छर लय हायत रं तुज्या शाळंत."

शांतारामने वर लिहिलं, 'बुधीबाई, डोंगरपाडा, नंबर एक.' मान वर केली तर समोर नविनभाई. नविनभाईंचं वह्या-पुस्तकांचं दुकान शाळेच्या फाटकासमोर, इतकं समोर की त्यांच्या गल्ल्यावरचा गणपती टेबलावरून दिसायचा.

"लखो, लिहा शांतारामभाई, नविनभाई, आशागड."

"नविनभाई, तुमचं दुकान इथून दिसतंय!"

"दुकान दिसते. घर दिसते का? आशागडला वाडी घेतली ने मी."

"कधी?"

"बोलणी चालू छे."

मागे प्राथमिक शाळेच्या वर्षाबाई होत्या. आशागडचं नाव ऐकताच त्यांनी सरळ त्याच्याही पुढचं गंजाड सांगितलं. त्यांच्यामागे रेल्वेच्या बुकिंगमधला मनिष. गंजाड ऐकून तो गडबडीत म्हणाला, "लिहा, उंबरगाव!"

"ते गुजरातेत आलं. तिकडच्यांना आपल्याकडे नंबर नाही."

"मग जरा अलीकडे घ्या. महाराष्ट्र जिथे संपतो तिथलं बघून काहीतरी टाका."

झालं! एकाने आशागड सांगितलं की दुसरा गंजाडला, तिसरा तलासरीला. साडेनऊपर्यंत अख्खं डहाणू गाव सोडून निघून गेलं होतं. दहाच्या एसटीने खरोखरच्या गंजाडहून आलेला भिका वहीत डोकावून बघत राहिला. "साहेब, हे सगळे आमच्या गावचे? मग आमी कुठले?"

"तुम्हीही तिथलेच," शांताराम म्हणाला आणि कपाळाचा घाम पुसला. चाळीस नंबर भरले होते आणि सासूबाईंचा पत्ता नव्हता.

त्या सव्वादहाला आल्या. घर जवळ, म्हणून सावकाश आवरलं. जरीकाठी साडी, तोंडाला पावडर, अंबाड्यावर अबोलीचा गजरा.

"जावईबापू, आला का तुमचा डॉक्टर?"

"आई, हळू!" शांतारामने त्यांना खांबाआड नेलं. आता डहाणू लिहावं तर एक्केचाळिसावा नंबर. म्हणजे संध्याकाळी भारती. गावातल्या कुणाला यादीबाहेर काढावं तर तो भांडायला येणार. त्याला सगळ्यांच्या पलीकडचं गाव हवं होतं आणि सगळ्यांच्या पलीकडचं गाव वहीत एकच होतं, पहिल्या ओळीत.

त्याने इकडे बघितलं, तिकडे बघितलं. खोडरबर उचललं. बुधीबाई काल रात्री झोपली कुठे? डहाणूत. मग डहाणूचीच की! यात खोटं ते काय? असं स्वतःला बजावत त्याने वर लिहिलं, 'प्रभाबाई, डोंगरपाडा, नंबर एक' आणि तळाला लिहिलं, 'बुधीबाई, डहाणू, नंबर एक्केचाळीस'. डॉक्टर चाळीसच बघणार, हे त्याच्याइतकं पक्कं दुसऱ्या कुणाला ठाऊक होतं?

तेवढ्यात ओट्यावरून बुधीबाईने अर्धी भाकर पुढे केली. "खा रं. सकाळपासनं नुस्ता लिवतंयस."

"नको आजी, डबा आहे," तो पुटपुटला. दिवसभर मग तो डबा काही त्याच्याने उघडवला नाही.

"आई, नीट ऐका," त्याने सासूबाईंना बजावलं. "आज तुम्ही मला ओळखत नाही. तुम्ही डोंगरपाड्याच्या."

"तो कुठे आला?"

"लांब."

"बोरिवलीच्या पुढे का?"

"उलट्या बाजूला! आणि कमी बोला."

कमी बोलणं सासूबाईंना आयुष्यात कधी जमलं नव्हतं. पावणेअकराला श्रुतिका मॅडमनी वही बघितली आणि त्यांचा चेहरा उजळला. "डोंगरपाडा! शांताराम, नियम चालला! कुठे आहेत या आजी?" शांताराम अडवेपर्यंत मॅडम मोबाइलवर रेकॉर्डिंग लावून सासूबाईंसमोर बसल्याही.

"आजी, इथपर्यंत कशा आलात?"

सासूबाई मालिका बघणाऱ्या बाई. त्यांनी आधी गजरा सारखा केला. "चालत. वाटेत नदी लागते ना!"

"बापरे. पाणी किती?"

"कमरेएवढं."

"जानेवारीत?"

"आमच्याकडे बारा महिने असतं."

"आणि जनावरांची भीती?"

"वाघ आहे ना! अगदी दाराशी येतो. परवाच हाकलला मी. पाव तास हलेना मेला!"

मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. ओट्यावरून बुधीबाई हे सगळं मन लावून ऐकत होती. "ही कंच्या डोंगरपाड्याची?" तिने भिकाला विचारलं. "आमच्याकडं तं दारापत्तुर रिक्षा येतं."

"जावईबापू, तो पंखा जरा माझ्याकडे फिरवा," सासूबाई म्हणाल्या.

मॅडमनी चमकून शांतारामकडे बघितलं.

"तिकडे सगळ्यांनाच तसं म्हणतात, मॅडम," शांताराम म्हणाला. मॅडमनी ते डायरीत टिपून घेतलं.

इथवर निभावलं असतं. पण चांगल्या मनाच्या माणसाला स्वस्थ बसवत नाही, त्याला कोण काय करणार? मॅडमनी वही पुन्हा खालून वर वाचली आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. "शांताराम, डहाणू शहरातून एकच बाई? आणि ती सर्वांत शेवटी?"

"नियमाप्रमाणे मॅडम..."

"म्हणजे आपल्या नियमाला घाबरून शहरातले गरीब आलेच नाहीत! हे तर त्यांना वगळणं झालं. एक अन्याय काढून आपण दुसरा आणून बसवला." त्या उठून येरझारा घालू लागल्या. तीन फेऱ्या झाल्यावर थांबल्या. "यादी उलटी करा. आजच्यापुरतं, जवळचा आधी."

"मॅडम, उलटी? सगळी?"

"वरपासून खालपर्यंत."

व्हरांड्यात घोषणा होताच गंजाडवाले हळहळले. महाराष्ट्राच्या टोकाला जाऊन बसलेल्या मनिषने कपाळावर हात मारला. नविनभाई तेवढे निवांत होते. "म्हणून मी लांब नाय गेलो," ते वर्षाबाईंना म्हणाले. "आशागड बरा. जायला बरा, यायला पण बरा."

अकराला डॉक्टर आले आणि पहिला नंबर बुधीबाईचा लागला. 'शहरी वंचित' म्हणून मॅडमनी स्वतः तिला हाताला धरून आत नेलं. शेवटचा, एक्केचाळिसावा, डोंगरपाड्याच्या प्रभाबाईंचा. शांताराम खुर्चीवर बसे, उठे, दारातून डोकावे, परत बसे. तेवीस झाले, एकतीस झाले. साडेतीनला चाळिसावा माणूस बाहेर आला, त्याच्यामागून बॅग घेऊन डॉक्टर आले आणि गाडी चुकायला नको म्हणून तडक स्टेशनला गेले. व्हरांड्यात सासूबाई एकट्या उरल्या.

"अहो टेबलवाले," त्या खड्या आवाजात म्हणाल्या, "माझं काय?"

शांतारामला भिंतीपलीकडची भारती डोळ्यांपुढे दिसू लागली. त्यात ऑफिसातून हाक आली. मॅडम डॉक्टरांचे कागद लावत बसल्या होत्या.

"त्या लांबच्या आजी राहून गेल्या. मला फार वाईट वाटतंय. ड्रायव्हरला शाळेची जीप काढायला सांगा, त्यांना घरी सोडू. पार दारापर्यंत! आणि हे बघा, बुधीबाई. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पूर्ण पिकलेला. उशीर झाला तर दिसायचंच बंद होईल, असं लिहिलंय. गुरुवारी ऑपरेशन. रुग्णालयाची गाडी घरून घेऊन जाईल." त्यांनी वहीत बघितलं. "पत्ता डहाणू. बरं झालं. जवळच आहे."

शांतारामला पुढचं सगळं दिसलं. गुरुवारी गाडी येईल, डहाणूत चार गल्ल्या फिरेल आणि 'रुग्ण आढळला नाही' असा शेरा मारून परत जाईल. हा शेरा त्याने नोकरीत स्वतःच्या हाताने शेकडो वेळा लिहिला होता. जे आढळले नाहीत, त्यांचं पुढे काय झालं असेल, असा विचार त्याच्या डोक्यात कधी आला नव्हता. आज आला. खिडकीतून ओटा दिसत होता. डॉक्टरांच्या कागदासाठी थांबून तीनची एसटी चुकलेली बुधीबाई गोणपाट पुन्हा पसरत होती. शांतारामला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"मॅडम, थांबा. त्या इथल्या नाहीत. आणि या तिथल्या नाहीत."

"म्हणजे?"

"डोंगरपाडा बुधीबाईंचा. मी खोडून बदललं. आणि या आजी माझ्या सासूबाई. घर या भिंतीपलीकडे."

मॅडमनी हातातले कागद खाली ठेवले. मग त्यांनी विचारलं, "ती नदी?"

"आमच्या दारातलं गटार असेल, मॅडम."

"आणि वाघ?"

"शेजाऱ्यांची उशी."

मॅडमनी मोबाइल काढला, ती मुलाखत पुसली. "बाकीच्यांत खरे किती?"

"दहाच्या एसटीचे सहा-सात. उरलेलं सगळं डहाणू."

कानउघाडणी होणार म्हणून शांताराम मान खाली घालून उभा राहिला. मॅडमनी खोडरबर उचललं आणि कचऱ्याच्या डब्यात टाकलं. मग स्वतःचं पेन त्याच्यापुढे ठेवलं. "बुधीबाईंचा पत्ता लिहा. आणि तुमच्याबद्दल काय करायचं ते मी उद्या बघते." त्याने लिहिलं, गाव, पाडा, तालुका, आणि वाट चुकू नये म्हणून 'उधव्याच्या पुढे' हेही लिहिलं.

जीप आता बुधीबाईला सोडायला निघणार होती. पण जीपमध्ये पुढच्या सीटवर पट्टा लावून सासूबाई आधीच बसलेल्या होत्या.

"आई, उतरा. सगळं सांगून टाकलंय मी."

"तुम्ही सांगितलंत, तुम्ही निस्तरा. मी उतरायची नाही. तीन वर्षांत मला भाजीबाजाराच्या पुढे कुणी नेलंय का? सकाळपासून लांबची लांबची म्हणून बसवून ठेवलंत आणि आता निघायच्या वेळी म्हणे जवळची!"

बुधीबाई गोणपाट काखेत मारून मागे चढली आणि पुढे वाकून तिने सासूबाईंच्या खांद्यावर थाप मारली. "बसू दे तिला, पोरा. चल गो बाय, तुजं गाव दाखवते तुला. वाघ आला तं तोबी बघू."

जीप गेली. संध्याकाळ झाली तरी शांताराम शाळेतच घुटमळत होता, तेव्हा भिंतीवरून भारतीचं डोकं वर आलं.

"झाले का आईचे डोळे?"

"नाही."

"मग आई कुठाय?"

"गावी गेल्या."

"कुठल्या गावी?"

शांताराम उत्तर जुळवत असतानाच भारतीचा मोबाइल वाजला. सासूबाईंचा आवाज भिंतीच्या अलीकडेही स्वच्छ ऐकू आला. "अगं, छान आहे इथे. माझ्या गोळ्या आणि चार सुती साड्या पाठवून दे."

"अगं पण आई, येणार कधी तू?"

"पुढच्या शिबिराला. बुधीबरोबर आदल्या दिवशीच्या एसटीने येईन आणि ओट्यावर झोपेन. जावईबापूंना सांग, पेनाने लिहून ठेवा. प्रभाबाई, डोंगरपाडा, नंबर एक."